पाणी उतरताना काठ का ढासळतो : नाथसागर ते नांदेड

पूर आला की सगळ्यांचं लक्ष पाणी चढण्याकडे असतं. किती दरवाजे उघडले, विसर्ग किती झाला, पुलाला पाणी लागलं का. गोदाकाठची जमीन मात्र बऱ्याचदा त्यानंतर जाते. पाऊस उघडलेला असतो, ऊन पडलेलं असतं, नदी पात्रात परतलेली असते, आणि वरून धडधाकट दिसणारा काठ उभा चिरून दोन-चार गुंठ्यांचा तुकडा उभ्या पिकासकट खाली बसतो. लोक म्हणतात, पुरानं नेली. खरं तर पूर ओसरण्याच्या वेगानं नेलेली असते, आणि हा वेग बऱ्याच अंशी धरणाच्या दरवाजांवर ठरतो.

कारण मातीत आहे. गोदाकाठची उभी कड पाहिली तर साधारण तीन थर दिसतात. वर काळी, मध्ये चुनखडीचे खडे असलेली पिवळसर पोयट्याची माती, तळाला वाळू किंवा गोटे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि या भेगा चांगल्या खोल जातात. पुराचं पाणी भेगांतून आणि खालच्या वाळूतून झपाट्यानं आत शिरतं. माती फुगली की भेगा मिटतात आणि आत गेलेलं पाणी अडकतं. चिकण काळ्या मातीतून पाणी बाहेर पडण्याचा वेग दिवसाला मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. नदी भरलेली असते तोवर बाहेरच्या पाण्याचा दाब काठाला टेकू देतो. नदी एका रात्रीत दोन-तीन मीटर उतरली की टेकू जातो, पण आतलं पाणी तसंच राहतं. माती जड झालेली, तिची पकड कमी झालेली, आणि समोर आधार नाही. त्यातच तळाच्या वाळूतून परतणारं पाणी वाळूचे कण घेऊन बाहेर येतं, पायथा पोकळ होतो. मग कड बसते. मातीच्या धरणाचा जलाशयाकडचा उतार याच कारणानं घसरू शकतो, म्हणून तिथे पातळी दिवसाला साधारण फूटभरच उतरवणं सावध मानलं जातं. नदीकाठाला हा नियम तंतोतंत लावता येणार नाही, पण त्यामागचं शास्त्र एकच आहे.

आता नाथसागराचा, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या तलावाचा हिशेब, कारण गोदाकाठचं निम्मं भवितव्य त्यात आहे. पूर्ण पातळी १५२२ फूट. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी), म्हणजे सुमारे १०२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यातला जिवंत, म्हणजे वापरता येणारा साठा २,१७१ दलघमी, साधारण ७६ टीएमसी. भरलेल्या तलावाचं पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. एवढं पाणी एवढ्या जागेत म्हणजे सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास. हा पसरट, उथळ तलाव आहे, आणि पसरट तलावाची पातळी हळू हलते. वरच्या टप्प्यात एक फूट पातळी म्हणजे सुमारे पावणेचार टीएमसी. एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) पाणी दिवसभर चाललं की ८.६४ टीएमसी होतात. म्हणजे येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा लाख क्युसेकनं जास्त असेल तर तलाव दिवसात सव्वादोन फूट चढतो. तलावात चार फूट जागा रिकामी असली तरी ती पावणेदोन दिवसांत संपते. "एवढं मोठं धरण, त्यानं पूर पोटात घ्यायला काय हरकत आहे?" या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांत आहे. पावणेदोन दिवस घेतो, त्यापुढे आवक तेवढा विसर्ग सोडावाच लागतो.

म्हणूनच वरून काय येतंय हे आधी कळणं महत्त्वाचं. पैठणच्या खाली राहणाऱ्यानं फक्त जायकवाडीची टक्केवारी पाहून भागत नाही. वरच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याचा विसर्ग, त्याखाली नागमठाणला गोदावरीचा विसर्ग, प्रवरा आणि मुळा नद्यांचं पाणी हे तीन-चार आकडे रोज पाहायचे. तलाव ९५ टक्क्यांवर असेल आणि नागमठाणला पाणी वाढत असेल तर पैठणला विसर्ग वाढणार हे उघड आहे; सायरनची वाट पाहायची गरज नाही. तलाव ६० टक्क्यांवर असेल तर तेच पाणी पोटात जाईल.

दरवाजांचं गणितही सोपं आहे. जायकवाडीला २७ दरवाजे, त्यातले १८ नेहमी वापरायचे आणि ९ आपत्कालीन. एका दरवाजाची रुंदी साडेबारा मीटर. तलाव भरलेला असताना एक दरवाजा अर्धा फूट उचलला की सव्वापाचशे क्युसेकच्या आसपास पाणी जातं. १८ दरवाजे अर्ध्या फुटानं म्हणजे साडेनऊ हजार क्युसेक. थोडे दरवाजे जास्त उचलण्याऐवजी सगळे थोडे-थोडे का उचलतात? कारण एका बाजूचे दोन-तीनच दरवाजे मोठे उघडले तर धार एका काठाकडे वळते, खालचा तळ उकरते आणि समोरची कड खाते. पाणी पात्रभर सारखं पसरलं तर त्याचा जोर सांडव्याच्या पायथ्याशीच बराचसा मुरतो.

विसर्ग वाढवताना यंत्रणा सावध असते: टप्पे असतात, सूचना जातात, भोंगे वाजतात, महसूलचे लोक गावात येतात. कमी करताना घाई होते, आणि ही घाई समजण्यासारखी आहे. मराठवाड्यात सोडलेला प्रत्येक टीएमसी पुढच्या मे महिन्यात आठवतो. पण इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. सपाट पात्रात विसर्ग आणि खोली सारख्या प्रमाणात बदलत नाहीत. लाख क्युसेकला पात्रात दहा मीटर पाणी असेल तर ढोबळ हिशेबानं वीस हजारांला ते पावणेचार-चार मीटर उरतं. म्हणजे पहिले ऐंशी हजार क्युसेक कमी करताना नदी सहा मीटर उतरते, आणि शेवटचे वीस हजार कमी करताना जवळपास चार मीटर. दर हजार क्युसेकमागे शेवटच्या टप्प्यात पातळी अडीचपट वेगानं पडते, आणि ती पडते काठाच्या पायथ्याशी, जिथून घसरण सुरू होते.

म्हणून सगळ्यात सावकाश कमी करायचा तो शेवटचा टप्पा, आणि तोच सगळ्यात स्वस्त आहे. वीस हजार क्युसेकवरून शून्यावर यायला पूर्ण एक दिवस घेतला तर सरासरी दहा हजारांनी जाणारं पाणी ०.८६ टीएमसी. जिवंत साठ्याच्या सव्वा टक्क्यापेक्षाही कमी. तेही वाचवता येतं: आवकेचा शेंडा उलटला की तलावात फूटभर जागा शिल्लक असतानाच विसर्ग पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायला घ्यायचा, आणि ओसरत्या आवकेनं तो फूट भरून घ्यायचा. लाखावरून पंचाहत्तर, पन्नास, तीस, पंधरा, सात, बंद. वरच्या पायऱ्या सहा-सहा तासांच्या, खालच्या दहा-बारा तासांच्या. जलाशय परिचालन सूचीत कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची हे लिहिलेलं असतं. उतरण्याचा वेगही त्याच काटेकोरपणे लिहिला जावा आणि पाळला जावा, असं माझं ठाम म्हणणं आहे. एक टीएमसीच्या आतबाहेरच्या पाण्यात शेकडो एकर काठ वाचत असेल तर तो सौदा महाग नाही.

अर्थात मोठ्या पुरात हे सगळे हिशेब मागे पडतात. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, पैठण शहरात शिरलं, खाली नांदेडपर्यंत हाहाकार झाला. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी विसर्ग तीन लाखांच्या घरात गेला. असं पाणी कोणतीही सूची अडवू शकत नाही; फार तर शेंडा थोडा कापता येतो आणि लोकांना वेळ मिळतो.

नांदेडची गोष्ट वेगळी आहे आणि ती पैठणकरांनीही समजून घ्यावी. विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय ८०.७९ दलघमीचा, म्हणजे २.८५ टीएमसी. पूर्ण रिकामा असला तरी लाख क्युसेकनं तो आठ तासांत भरतो. हे पूर साठवायचं धरणच नाही. ते उपसा सिंचनासाठी आणि पिण्यासाठी पाणी अडवणारं धरण आहे. जायकवाडीचं पाणी, येलदरी-सिद्धेश्वरवरून पूर्णेतून येणारं पाणी आणि मधल्या ओढ्यानाल्यांचं पाणी एकाच वेळी आलं तर विष्णुपुरीच्या १८ दरवाजांकडे ते पुढे ढकलण्यापलीकडे काही उपाय नसतो. त्याखाली पुन्हा तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणाचा फुगवटा. धर्माबाद-बिलोलीकडे गोदावरी तुंबते ती खालून. बाभळी बंधाऱ्याचे १४ दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. त्यामुळे पावसाळ्यात बाभळी पाणी अडवत नाही. २९ ऑक्टोबरला दरवाजे पडले की तिथली पातळी चढायला लागते. या दोन तारखा काठावरच्या मोटारी आणि पाइप हलवण्यासाठी दिनदर्शिकेत लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

तलाव भरून ठेवायचा की जागा मोकळी ठेवायची, हा मराठवाड्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्याच मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे २८ सप्टेंबर २०२१ ला उघडावे लागले आणि खालच्या गावांत पाणी घुसलं. ज्या अभियंत्यानं रेल्वेचं पाणी पाहिलंय तो ऑगस्टच्या मध्याला भरत आलेल्या धरणातून दोन फूट पाणी सोडायला धजावेल का? त्याला दोष देता येत नाही. पण सप्टेंबरच्या उत्तरार्धात परतीचा पाऊस मराठवाड्यात जोरात येऊ शकतो, हे आता वारंवार दिसलं आहे. म्हणून धरण ऑगस्टमध्येच काठोकाठ भरलं असेल आणि वरची धरणंही भरलेली असतील, तर सप्टेंबरभर फूट-दीड फूट जागा राखणं मला शहाणपणाचं वाटतं. वरची धरणं रिकामी असतील तर राखू नये. सरसकट नियम इथे चालत नाही.

हा पेच आपल्याच वाट्याला आला आहे असंही नाही. उत्तर अमेरिकेतल्या ओंटारिओ सरोवराची पातळी सेंट लॉरेन्स नदीवरच्या धरणातून नियंत्रित होते. जानेवारी २०१७ पासून तिथे नवी परिचालन योजना लागू झाली, आणि त्याच वर्षी व पुन्हा २०१९ मध्ये सरोवरानं उच्चांकी पातळी गाठली. काठावरच्या लोकांनी योजनेला दोष दिला. पण सरोवरात येणारं पाणीच अफाट होतं, आणि दरवाजे जास्त उघडावेत तर खाली मॉन्ट्रियल बुडत होतं. शेवटी विसर्ग सेकंदाला १०,४०० घनमीटरपर्यंत नेला, आपल्या भाषेत पावणेचार लाख क्युसेकच्या जवळ. तरी १९ हजार चौरस किलोमीटरचं ते सरोवर उतरायला महिने लागले. वरचा काठ की खालचं शहर, हा झगडा नेवासा-गंगापूर आणि नांदेडच्या लोकांना ओळखीचा वाटेल.

आता तलावाच्या स्वतःच्या काठाबद्दल. नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि रुंद भागात २७ किलोमीटरपर्यंत आहे. एवढ्या मोकळ्या पाण्यावरून पावसाळी पश्चिमेचा वारा आला की मीटरभर लाट उठते. धरणाच्या भिंतीला दगडी पिचिंग (उतारावर बसवलेलं दगडांचं अस्तर) आहे, पण पूर्व आणि ईशान्येकडच्या उघड्या काठांना काही नाही. पातळी चढ-उतार करत असेल तर लाटांचा मार वेगवेगळ्या उंचीवर विभागला जातो. पातळी महिना-दीड महिना एकाच फुटात अडकून राहिली, तर लाट रोज त्याच रेषेवर मारते. आधी खाच पडते, मग वरची माती तिच्यावर लोंबते, मग कोसळते. कोसळलेल्या मातीचा समोर उथळ ओटा तयार होतो आणि तो टिकला तर पुढच्या लाटा त्यावरच फुटतात. म्हणून काही वर्षांनी काठ आपोआप शांतावतो. तो ओटा खणून माती नेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू. वीटभट्टीला किंवा शेतात टाकायला गाळ न्यायचा असेल तर तलावाच्या आतल्या सपाट भागातून न्यावा, काठाच्या पायथ्याचा कधीही नको. हेच नदीतल्या वाळूला लागू आहे. कडेखालची वाळू उपसली की नदी तिथे खोल होते, आणि पुढच्या पुरात वरची कड आधाराविना उभी असते.

लाटा सगळ्यात जास्त नुकसान करतात ते तलाव जुलै-ऑगस्टमध्येच भरला तर, कारण तेव्हा वारा जोरात असतो. सप्टेंबरअखेर भरला तर पाणी वर असतं पण वारा पडलेला असतो. पातळीचा आकडा तोच, काठाचं नुकसान वेगळं.

कायगाव टोका, प्रवरासंगम या वरच्या टोकाला आणखी एक गोष्ट घडते. धरणापाशी पातळी १५२२ च्या आत असते, तरी तिथे पाणी त्याहून वर चढतं. पूर येत असताना तलावाचं पाणी आडवं सपाट नसतं. वरच्या टोकाला त्याला चढ असतो. शिवाय नदीचा गाळ पहिल्यांदा तिथेच बसतो आणि तळ उचलला जातो. त्यामुळे "धरण भरलं नाही मग आमच्याकडे पाणी कसं?" ही तक्रार खरी असते, आणि दरवाजा उघडून ती लगेच मिटतही नाही.

पैठणपासून खाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस, अंतेश्वर अशी बंधाऱ्यांची रांग आहे. बंधारा भरला की नदीचा काठ महिनोन् महिने भिजत राहतो. मग खालच्या गावांच्या पिण्यासाठी पाणी सोडायची वेळ आली की दरवाजे उघडतात आणि पातळी एकदम पडते. पुराविनाच कड ढासळते ती इथे. उपाय वरचाच: दरवाजे एकेक करून, दोन-तीन दिवसांत पसरून. छोट्या नद्यांवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. पावसाळ्याआधी दारं काढली नाहीत, किंवा काढूनही मध्ये झाडाचे ओंडके आणि ऊस अडकला, तर पुराचं पाणी बंधारा सोडून बाजूच्या भरावातून वाट काढतं. बंधारा जागेवर आणि नदी शेजारच्या शेतातून, हे दृश्य बीड, लातूर, धाराशिवला नवं नाही. दारं मेअखेर काढून उंचावर ठेवणं, ऑक्टोबरच्या मध्यानंतर पाऊस गेल्याची खात्री करून बसवणं, आणि दोन्ही बाजूंच्या भरावाला बंधाऱ्याच्या भिंतीपासून आत पंधरा-वीस मीटर दगडी पिचिंग करणं, हे तीन खर्च टाळले की चौथा फार मोठा येतो.

काठावर शेत असणाऱ्यानं काय करावं? आधी पाहणी. पूर ओसरला की कडेला समांतर जाणारी भेग शोधायची. उन्हाळी भेगा जाळीसारख्या चहूकडे जातात. घसरणीची भेग एकच, लांब, कडेशी समांतर असते आणि तिच्या नदीकडच्या बाजूची माती बोटभर खाली बसलेली असते. अशी भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज अंतर मोजावं, भेग मातीनं बुजवून वरून पाणी आत जाणार नाही असं करावं, आणि कडेच्या उंचीइतक्या अंतरात ट्रॅक्टर, जनावरं, मोटार काही नेऊ नये. सहा मीटरची कड असेल तर सहा मीटर, शक्य असेल तर नऊ. मोटारीच्या पाइपसाठी काठ कापून खणलेली चारी हीही घसरणीची ठरलेली जागा आहे. ती नुसती माती लोटून बुजवतात आणि पाणी तिच्यातून वाट काढतं. पंधरा-पंधरा सेंटीमीटरचे थर ओलसर करून धुमसून भरली तर हा धोका बराच कमी होतो.

पिचिंग करायचं असेल तर उतार आधी. उभ्या कडेवर दगड टेकवून काही होत नाही. निदान अडीचास एक उतार हवा, म्हणजे अडीच मीटर आडवं तेव्हा एक मीटर उभं. पायथ्याशी मीटरभर खोल चर खणून त्यात मोठे दगड बसवायचे, कारण पिचिंग वरून नाही, पायथ्यातून निसटतं. मातीवर थेट दगड नको. आधी १५ सेंटीमीटर जाड वाळू, त्यावर १५ सेंटीमीटर खडी, मग दगड. हा गाळणीचा थर वगळला की प्रत्येक लाट दगडांच्या फटीतून माती ओढून नेते आणि दोन पावसाळ्यांत पिचिंगला खळगे पडतात. वाया गेलेल्या पिचिंगमागे बहुतेक वेळा हीच चूक निघते. दगडाचं माप लाटेवर: अर्ध्या-पाऊण मीटरच्या लाटेला २० ते ४५ किलोचा दगड, मीटरभर लाटेला शंभर किलोच्या आसपासचा. आपला काळा पाषाण यासाठी उत्तम. मऊ मुरमाड दगड ओल-उन्हात फुटतो. सिमेंटची उभी भिंत टाळावी. लाट तिच्यावरून उलटी फिरते आणि पायथा उकरते, आणि मागे साचलेलं पाणी पातळी उतरताना भिंत पुढे ढकलतं. बांधायचीच असेल तर दर दीड-दोन मीटरवर तीन-चार इंची पाइपची भोकं आणि त्यामागे खडी हवीच. संपादित बुडीत क्षेत्रात काहीही करण्याआधी पाटबंधारे उपविभागाची परवानगी घ्यावी लागते, हे विसरू नये.

खर्च परवडत नसेल तर वाळा हे खोल मुळांचं गवत लावावं. जूनच्या पहिल्या पावसानंतर १०-१५ सेंटीमीटरवर ठोंब, उताराला आडव्या ओळी, दर मीटर उंचीला एक. दोन वर्षं राखावा लागतो, तिसऱ्या वर्षी मुळं माती धरतात; पाण्याखाली काही आठवडे गेला तरी मरत नाही. कडेच्या अगदी टोकावर निलगिरीसारखी उंच झाडं नकोत. वारा त्यांना हलवतो आणि ती मातीलाच खेचून खाली जातात.

गाळपेर करणाऱ्यांचाही यात वाटा आहे. पाणी मागे सरकेल तसा हरभरा, ज्वारी, चारा घेणं ही इथली जुनी सोय आहे आणि ती बंद व्हावी असं मी म्हणणार नाही. पण काठालगतच्या वरच्या पट्ट्यात खोल नांगरट केली की जूनचा पहिला पाऊस आणि जुलैची लाट ती मोकळी माती तलावात नेते. वरचा आठ-दहा मीटरचा पट्टा गवत-लव्हाळ्याला सोडावा, खाली तिफणीनं उताराला आडवी पेरणी करावी, धसकटं उपटू नयेत.

जमीन गेलीच तर पंचनाम्यात शब्द महत्त्वाचे. पिकाचं नुकसान, गाळ साचणं आणि जमीन वाहून जाणं या तीन वेगळ्या बाबी आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी तीन इंचांहून जास्त गाळ साचलेल्या जमिनीला हेक्टरी १८,००० रुपये आणि नदीनं पात्र बदलून वाहून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये धरले होते. फक्त पीक नोंदवलं गेलं तर बाकी दोन राहून जातात. म्हणून कड ढासळली त्याच दिवशी सातबाऱ्याचा गट क्रमांक, बांधापासून उरलेलं अंतर टेप धरून, आणि शेजारचा न हलणारा खांब किंवा विहीर चौकटीत येईल असे फोटो काढून ठेवावेत. काठ आठवडाभर ढासळत राहतो, त्यामुळे तलाठी येऊन गेल्यावरही मोजणी थांबवू नये. नंतर गेलेल्या जमिनीसाठी पुरवणी अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.